लेन्स बसते, पण दूरचे फोटो धूसर येतात : जुन्या मॅन्युअल लेन्स आणि फिल्म कॅमेऱ्याच्या बॉडी यांची जुळणी

घरातल्या कपाटात सापडलेली किंवा नागपूरच्या सीताबर्डीतल्या एखाद्या जुन्या स्टुडिओतून मिळालेली हेलिऑस अथवा ताकुमार ही एम-४२ माउंटची (म्हणजे आट्यांनी फिरवून बसणारी) लेन्स ॲडाप्टर, म्हणजे जोडकडे, लावून पेंटॅक्स के-१००० या फिल्म कॅमेऱ्यावर चढवली जाते, ती व्यवस्थित बसते, आणि व्ह्यूफाइंडरमधून चित्रही दिसते. रोल धुऊन आल्यावर मात्र फुटाळा तलावाच्या पलीकडच्या काठावरची झाडे धूसर आणि शेजारी उभ्या असलेल्या मित्राचा चेहरा लख्ख, असा प्रकार आढळतो. दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीत फोकस ठीक असतो, पण निगेटिव्ह इतक्या दाट येतात की प्रिंट काढताना आकाश पांढरेफटक होते. या दोन्ही तक्रारी पुन्हापुन्हा येतात, आणि दोन्हींवर बहुतेक जण एकच उपाय करतात, तो म्हणजे दुसरा ॲडाप्टर मागवणे. पहिली तक्रार लेन्स आणि फिल्म यांच्यातल्या अंतराची आहे आणि दुसरी ॲपर्चरची, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची. एकीवरचा उपाय पुष्कळदा दुसरीला जन्म देतो. म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे हे ठरवावे. त्यासाठी रोल खर्च करावा लागत नाही.

अंतराचा हिशेब

प्रत्येक बॉडीत माउंटच्या पुढच्या कडेपासून फिल्मपर्यंतचे अंतर ठरलेले असते, आणि लेन्स त्याच अंतरासाठी घडवलेली असते. एम-४२ या स्क्रू माउंटसाठी ते ४५.४६ मि.मी. आहे. पेंटॅक्सने १९७५ साली के माउंट आणले तेव्हा हेच अंतर कायम ठेवले. निकॉन एफचे ४६.५, ऑलिंपस ओएमचे ४६, मिनोल्टा एसआरचे ४३.५, कॅनन एफडीचे ४२ आणि कॅनन ईओएसचे ४४ मि.मी. आहे. लेन्सचे अंतर बॉडीच्या अंतरापेक्षा जास्त असेल, तर उरलेली जागा ॲडाप्टरच्या जाडीने भरून काढता येते. ते कमी असेल, तर भिंग नसलेल्या कोणत्याही ॲडाप्टरने ती लेन्स अनंतावर, म्हणजे अतिदूरच्या वस्तूंवर, फोकस होणार नाही, मग तो ॲडाप्टर कितीही महाग असो.

चुकीचा परिणाम किती मोठा असतो, याचा अंदाज एका सोप्या सूत्राने येतो. लेन्सच्या फोकल लांबीचा वर्ग करावा आणि लेन्स जितके मि.मी. जास्त पुढे बसली आहे त्या आकड्याने त्याला भागावे. उत्तर येते ते साधारणपणे त्या लेन्सचे सर्वांत दूरचे फोकस-अंतर असते. लेन्स १ मि.मी. पुढे बसली, तर ५० मि.मी.ची लेन्स फार तर अडीच मीटरपर्यंत, हेलिऑसची ५८ मि.मी.ची लेन्स सुमारे ३.४ मीटरपर्यंत आणि २८ मि.मी.ची वाइड लेन्स ८० सेंटीमीटरपर्यंतही पोहोचत नाही. १३५ मि.मी.ची टेलिलेन्स मात्र त्याच ॲडाप्टरवर १८ मीटरपर्यंत फोकस होते. म्हणूनच एकाच ॲडाप्टरबद्दल एक जण समाधानी असतो आणि दुसरा तक्रार करतो, आणि दोघेही खरेच बोलत असतात.

फिल्मवर किती चूक खपते, हे ॲपर्चरवर अवलंबून असते (एफचा आकडा लहान तितके छिद्र मोठे). ३५ मि.मी. फिल्मसाठी ०.०३ मि.मी. हा धूसरपणाचा नेहमीचा मापदंड धरला, तर एफ/२ वर ०.०६ मि.मी. आणि एफ/८ वर ०.२४ मि.मी. एवढी चूक दोन्ही बाजूंना झाकली जाते. मि.मी.च्या दहाव्या हिश्शाने जास्त जाड असलेला ॲडाप्टर त्यामुळे भर दुपारी एफ/८ वर उत्तम फोटो देतो आणि संध्याकाळी एफ/२ वर दगा देतो. अशा वेळी संशय लेन्सच्या काचेवर जातो, आणि ती विनाकारण उघडली जाते. याउलट ॲडाप्टर किंचित पातळ असेल तर फारसे बिघडत नाही. लेन्स अनंताच्या खुणेच्या थोडी अलीकडेच अनंतावर फोकस होते, एवढेच. किंचित पातळ ॲडाप्टर किंचित जाड ॲडाप्टरपेक्षा केव्हाही चांगला.

एम-४२ लेन्स आणि के माउंट

आपल्याकडे सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न याच जोडीचा आहे. दोन्ही माउंटचे अंतर एकच असल्याने मधल्या ॲडाप्टरला जाडी असायलाच नको. पेंटॅक्सने स्वतः बनवलेला ॲडाप्टर म्हणूनच एक बारीक कडे आहे. ते बॉडीच्या माउंटच्या आत पूर्णपणे उतरते, एका छोट्या स्प्रिंगने अडकते, आणि लेन्सची मागची कडा थेट बॉडीच्या कडेवर टेकते. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या अनेक ॲडाप्टरांना मात्र बाहेरून एक कड असते. ती हाताने धरायला सोयीची असली, तरी लेन्सला सुमारे १ मि.मी. पुढे ढकलते. फुटाळ्याच्या पलीकडची झाडे धूसर येण्याचे कारण नव्वद टक्के वेळा हीच कड असते, असे म्हणण्याचा मोह होतो. टक्क्यांचा आग्रह नाही, पण तपासाची सुरुवात तिथूनच करावी.

तर मग लोक कडेचे ॲडाप्टर का घेतात? एक कारण काढण्या-घालण्याच्या सोयीचे आहे. बिनकडेचे कडे लेन्स फिरवून काढल्यावर बॉडीतच राहते, आणि ते अडकले आहे असे समजून लोक घाबरतात. प्रत्यक्षात नखाने किंवा पातळ लाकडी काडीने त्याची स्प्रिंग दाबून ते फिरवले की सुटते. पक्कड वापरू नये. माउंटच्या आत अगदी जवळ आरसा असतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कडेच्या काही ॲडाप्टरांना आतून एक ओठ असतो, जो लेन्सच्या मागची पिन दाबून धरतो आणि ॲपर्चर बंद, म्हणजे ठरवलेल्या आकड्यापर्यंत लहान, होऊ देतो. बिनकडेच्या कड्यात हा ओठ नसतो. म्हणजे एक ॲडाप्टर अनंत हिरावून घेतो आणि दुसरा ॲपर्चर, असा हा पेच आहे, आणि त्याची सोडवणूक लेन्स कोणत्या प्रकारची आहे यावर ठरते. तिकडे नंतर वळू.

एक तुलनेने अपरिचित दोषही येथेच नोंदवायला हवा, कारण तो कधी येतो आणि कधी येत नाही. एम-४२ च्या आट्यांचे अंतर १ मि.मी. आहे, म्हणजे लेन्स पाव फेरा सैल राहिली तर ती ०.२५ मि.मी. पुढे असते. जुन्या लेन्सचे ग्रीस घट्ट झालेले असेल, तर फोकसची रिंग एका दिशेने फिरवताना अख्खी लेन्सच माउंटमध्ये थोडी सैल होते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हे अधिक घडते. दर वेळी फोकस करताना डाव्या हाताच्या दोन बोटांनी लेन्सचा मागचा भाग धरून ठेवला, की हा दोष लगेच ओळखू येतो. लेन्स पूर्ण बसल्यावर तिची लाल खूण वर न येता बाजूला राहिली, तर त्याची मात्र चिंता करू नये. तो केवळ दिसण्याचा प्रश्न आहे.

रोल न घालता तपासणी

कॅमेऱ्यात फिल्म नसताना मागचे झाकण उघडावे. शटर बी वर (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे राहते त्या खुणेवर) ठेवून, कुलूप असलेली केबल रिलीज लावून ते उघडे ठेवावे. घासलेल्या काचेचा छोटा तुकडा फिल्म जिथे टेकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर, खरखरीत बाजू लेन्सकडे करून, पक्का धरावा. बाहेरच्या दोन पट्ट्या प्रेशर प्लेटसाठी असतात आणि थोड्या उंच असतात. काच चुकून त्यांच्यावर टेकली तर सगळे मोजमाप फसते. काच नसेल तर ट्रेसिंग पेपर चालतो, पण तो वाकता कामा नये, म्हणून साध्या काचेच्या पट्टीवर ताणून चिकटवावा. लेन्स अनंताच्या खुणेवर आणि ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवावे, डोक्यावर काळे कापड घ्यावे, आणि काचेवरचे चित्र लूपमधून, म्हणजे छोट्या भिंगातून, पाहावे. लूप नसेल तर ५० मि.मी.ची दुसरी लेन्स उलटी धरली तरी काम भागते.

लक्ष्य पुरेसे दूरचे हवे. ५० मि.मी.च्या लेन्ससाठी शंभर मीटर पुरतात, १३५ साठी अर्धा किलोमीटर तरी असावा. उत्तर नागपुरातल्या अनेक गच्च्यांवरून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिन्हीसांजेला त्यांच्यावरचे लाल दिवे लागले की यासारखे लक्ष्य नाही, कारण दिव्याचा ठिपका फोकसबाहेर गेला की लगेच फुगलेला दिसतो. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र ही तपासणी करू नये. तापलेल्या हवेच्या लाटांमुळे दूरचे सारेच थरथरते आणि चांगली लेन्सही दोषी ठरते.

आता शटर बंद करून, लेन्सला हात न लावता, तेच लक्ष्य व्ह्यूफाइंडरमधून पाहावे. या तुलनेतच निदान दडलेले आहे. काचेवर आणि व्ह्यूफाइंडरमध्ये लक्ष्य सारखेच धूसर असेल, तर दोष ॲडाप्टरचा किंवा लेन्सचा आहे, कारण दोन्हीकडे चित्र त्याच वाटेने येते. काचेवर लक्ष्य स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरमध्ये धूसर असेल, तर ॲडाप्टर निर्दोष आहे. आरसा आपल्या जागेपासून ढळलेला आहे किंवा फोकसिंग स्क्रीन नीट बसलेली नाही, आणि ते काम दुरुस्ती करणाऱ्याचे आहे. लेन्स आणि ॲडाप्टर यांपैकी कोण, हे ठरवण्यासाठी त्याच ॲडाप्टरवर दुसरी एम-४२ लेन्स लावून पाहावी. के माउंटची मूळ लेन्स हाताशी असेल तर आधी तिनेच सुरुवात करावी, म्हणजे बॉडी संशयितांच्या यादीतून आधीच बाहेर पडते.

व्ह्यूफाइंडरमध्येही धूसर दिसत होते तर फोटो काढताना ते लक्षात का आले नाही, असा प्रश्न योग्यच आहे. ॲडाप्टरवर प्रकाशमापन ॲपर्चर बंद करून करावे लागते, आणि घाईत बहुतेक जण त्याच बंद ॲपर्चरवर फोकस करतात. चित्र काळवंडलेले असते, फोकसची खोली वाढलेली असते, आणि डोळा फसतो. फोकस नेहमी पूर्ण उघड्या ॲपर्चरवर करावा आणि मगच ते बंद करावे.

ॲपर्चर बंदच होत नाही

दाट निगेटिव्हच्या तक्रारीत आधी लेन्सची जात ओळखावी. हेलिऑस ४४-२ सारख्या प्रीसेट लेन्सवर दोन रिंगा असतात. एकीने आकडा ठरतो आणि दुसरी फिरवून ॲपर्चरच्या पाकळ्या प्रत्यक्षात बंद कराव्या लागतात. पहिली रिंग १६ वर ठेवून दुसरी तशीच उघडी सोडली, तर फोटो एफ/२ वर निघतो, म्हणजे सहा स्टॉप जास्त प्रकाश (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). या लेन्सना पिनच नसते, त्यामुळे त्या कोणत्याही ॲडाप्टरवर सारख्याच चालतात. माझ्या मते के माउंटवर लावायला त्याच सर्वांत निर्धोक आहेत.

दुसऱ्या जातीच्या लेन्सवर ऑटो आणि मॅन्युअल असा खटका असतो. बहुतेक ताकुमार आणि हेलिऑस ४४एम या वर्गातल्या. बिनकडेचा ॲडाप्टर लावून खटका मॅन्युअलवर ठेवला, की पिनची गरज उरत नाही. तिसरी जात अडचणीची : हेलिऑस ४४एम-४ सारख्या लेन्सना हा खटका नसतो. त्यांच्या पाकळ्या बॉडीने पिन दाबल्यावरच बंद होतात, आणि बिनकडेच्या ॲडाप्टरवर त्या कायम उघड्याच राहतात. मूळ झेनिट-ई या कॅमेऱ्याची बॉडीही पिन दाबत नाही, त्यामुळे या लेन्स तिच्यावरही उघड्याच राहतात, झेनिट-ईएम दाबते. पिन डिंकाने किंवा झटपट चिकटणाऱ्या द्रवाने कायमची दाबून टाकण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, पण तो पाळू नये. द्रव आत झिरपून पाकळ्यांवर गेला की लेन्स संपली. जाणकार दुरुस्ती करणारा मागची प्लेट उघडून पिनखाली लहानशी पाचर बसवू शकतो, जी पुढे काढताही येते. त्यापेक्षाही सरळ मार्ग म्हणजे अशा लेन्ससाठी पिन दाबणारी एम-४२ ची बॉडीच शोधणे. पेंटॅक्सची स्पॉटमॅटिक किंवा चालू स्थितीतली झेनिट-ईएम मिळाली तर ॲडाप्टरचा सारा प्रश्नच मिटतो.

यातच नागपूरच्या उन्हाळ्याचा दोष मिसळतो. पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा कपाटात किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेल्या लेन्सच्या ग्रीसमधून तेल सुटते आणि ते पाकळ्यांवर पसरते. तेलकट पाकळ्या बंद होतात, पण सावकाश. मॅन्युअलवर वापरताना हे कळतही नाही, कारण पाकळ्या आधीच बंद करून ठेवलेल्या असतात. तीच लेन्स स्पॉटमॅटिकवर ऑटोमध्ये वापरली, की शटर उघडते तेव्हा पाकळ्या अर्ध्या वाटेवर असतात आणि फोटो जास्त उजळ निघतो. ॲडाप्टरवर चांगली आणि मूळ बॉडीवर वाईट, असा हा चक्रावणारा प्रकार असतो. तपासणी सोपी आहे : ॲपर्चर १६ वर ठेवून मागची पिन नखाने दाबावी आणि सोडावी. पाकळ्या दोन्ही वेळा झटक्यात हलल्या पाहिजेत. रेंगाळल्या, तर लेन्स सफाईला द्यावी. समोरून लायटरचे इंधन ओतण्याचा प्रयोग करू नये, कारण विरघळलेले तेल थेट काचांवर जाऊन बसते.

निकॉनचा प्रश्न वेगळा

निकॉनमध्ये माउंट १९५९ पासून तेच आहे, त्यामुळे ॲडाप्टरचा संबंध येत नाही. अडचण मीटरशी, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाशी, होणाऱ्या जोडणीची आहे. १९७७ साली एआय, म्हणजे लेन्सचे ॲपर्चर मीटरला आपोआप कळवणारी, पद्धत आली. तिच्याआधीच्या लेन्सच्या ॲपर्चर रिंगची मागची कडा पूर्ण गोल असते आणि ती एफएम-२ किंवा एफएम-१० सारख्या बॉडीच्या मीटरच्या खुंटीवर जाऊन आदळते. जोर लावला तर खुंटी वाकते. मूळ एफएम, एफई आणि एफ-३ वर ही खुंटी दुमडता येते, आणि मग जुनी लेन्स ॲपर्चर बंद करून मीटर पाहत वापरता येते. लेन्स ओळखण्यासाठी ॲपर्चर रिंगवर माउंटच्या बाजूला बारीक आकड्यांची दुसरी ओळ आहे का ते पाहावे. ती असेल तर लेन्स एआय आहे किंवा तशी रूपांतरित केलेली आहे. रिंग लेथवर कापून रूपांतर करता येते, पण हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतला कितीही कुशल लेथवाला असला तरी त्याला नमुन्यासाठी तशाच ॲपर्चरची एक एआय लेन्स सोबत द्यावी. खाच थोडीही सरकली तर मीटर कायमचा चुकतो.

उलट दिशेचा घोटाळाही होतो. ॲपर्चर रिंग नसलेली नवी ‘जी’ (G) प्रकारची लेन्स एफएम-१० वर बसते, पण फोटो काढताना तिच्या पाकळ्या सर्वांत लहान छिद्रावर जातात, आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. निगेटिव्ह जवळजवळ कोऱ्या येतात. एफ-८० वर एआय लेन्स लावली तर मीटर बंदच पडतो. हा बिघाड नसून त्या बॉडीची रचनाच तशी आहे. एफ-१०० आणि एफ-४ वर मीटर चालतो.

एम-४२ लेन्स निकॉनवर लावण्याचा विचार सोडून द्यावा. अंतर १.०४ मि.मी.ने कमी पडते, आणि मधे भिंग असलेले ॲडाप्टर चित्राची धार घालवतात.

इतर जोड्या

फिल्मच्या ईओएस बॉडीवर एम-४२, निकॉन आणि ऑलिंपस ओएम या तिन्ही लेन्स अनंतापर्यंत चालतात. एम-४२ साठी ॲडाप्टरची जाडी १.४६ मि.मी. हवी, आणि ती व्हर्निअर कॅलिपरने मोजता येते. कॅमेरा एव्ही वर (ॲपर्चर आपण ठरवायचे, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) ठेवला की बंद ॲपर्चरवर मीटर काम करतो. एफडी लेन्स मात्र कॅननच्याच ईओएसवर चालत नाहीत. त्यांचे अंतर २ मि.मी.ने कमी असल्याने ५० मि.मी.ची लेन्स सव्वा मीटरपलीकडे जात नाही.

आट्यांच्या सारखेपणावर विश्वास ठेवू नये. टी-२ या वेगळ्या स्क्रू माउंटची आटी ४२ मि.मी.चीच असते, पण तिच्या आट्यांचे अंतर ०.७५ मि.मी. असते; ती एम-४२ मध्ये एक-दोन फेरे जाऊन अडकते. तिथे जोर लावला तर दोन्ही आट्या खराब होतात. ३९ मि.मी.च्या आटीत तर तीन वेगवेगळी कुटुंबे आहेत : जुन्या झेनिटच्या लेन्स, झोर्की-फेडसारख्या रेंजफाइंडर (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या लेन्स आणि एन्लार्जरच्या, म्हणजे प्रिंट काढण्याच्या यंत्राच्या, लेन्स. झोर्कीची ज्युपिटर-८ जुन्या झेनिटवर बसते, पण तिला २८.८ मि.मी. अंतर हवे असल्याने वीतभर अंतरापलीकडचे काहीही फोकस होत नाही.

मीटर आणि सेल

अंतर आणि ॲपर्चर दोन्ही ठीक असूनही एक्स्पोजर चुकत असेल, तर सेलकडे पाहावे. ऑलिंपस ओएम-१ आणि कॅनन एफटीबी यांसारख्या बॉडींचे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी होते. ते आता मिळत नाहीत, आणि १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की मीटर चुकतो, शिवाय सेल उतरत जाईल तशी चूक बदलत राहते. स्पॉटमॅटिकच्या मीटरच्या विद्युत मंडलाला हा फरक जाणवत नाही, आणि के-१००० मुळातच एलआर-४४ वर चालतो. ओएम-१ साठी श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल रबरी कड्यात बसवून वापरता येतो, तो १.४ व्होल्टच्या आसपास स्थिर दाब देतो आणि औषधाच्या दुकानातही मिळतो. मात्र त्याची चिकटपट्टी एकदा काढली की आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो लवकर सुकतो. म्हणून पाकिटातला एकच सेल उघडावा, आणि रोल घालण्यापूर्वी भर उन्हात एकदा ताडून पाहावा : १०० आयएसओ आणि १/१२५ सेकंदाला मीटरने एफ/१६ किंवा त्याच्या अर्ध्या स्टॉपच्या आतले उत्तर द्यायला हवे.